आई आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तीन दिवसात मुंबई कशी बघावी?

आधी राहण्याचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नात तेवढी एकच गोष्ट मला खटकली. तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीहून शनिवारी सकाळी मुंबईत पोचणार, सोमवारी रात्री परतीची गाडी, सोबत बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई, आईंचे गुडघे दुखतात, आणि मुक्काम बदलापूरला मामेभावाकडे. मामेभाऊ मनापासून बोलावतोय हे कळतंय, पण बदलापूरहून सीएसएमटीला यायला सव्वा-दीड तास, तेवढाच परत जायला, शिवाय घर ते स्टेशन रिक्षा, म्हणजे रोजचे तीन-साडेतीन तास नुसते जाण्यायेण्यात गेले, आणि आईंना त्या दादऱ्यांवरून रोज चढवायचं उतरवायचं. सोमवारी सकाळी त्या बाजूने मुंबईकडे येणाऱ्या लोकलची गर्दी तर रोजच्या माणसालाही जड जाते. तेव्हा कृपा करून असं करू नका. भावाला सांगा की तूच एका संध्याकाळी मरीन ड्राईव्हला ये, सगळे तिथेच भेटू. तो नक्की येईल, बदलापूरचे लोक रोजच तेवढा प्रवास करतात.

रूम घ्यायची ती सीएसएमटी, फोर्ट, चर्चगेट किंवा कुलाबा ह्या पट्ट्यात. महाग पडते, रूम लहान असते, हे खरं आहे. पण तुम्हाला जे जे बघायचंय त्यातलं बहुतेक सगळं तिथून दोन-तीन किलोमीटरच्या आत आहे आणि दुपारी आईंना दोन तास आडवं व्हायला परत रूमवर आणता येतं, हे फार मोठं सुख आहे. बुकिंग करताना तीन गोष्टी फोन करून विचारा, लिफ्ट आहे का (फोर्टातल्या जुन्या बिल्डिंगात बऱ्याचदा नसते किंवा मधल्या मजल्यापासून असते), बाथरूम कमोडचं आहे का, आणि चेक-इन २४ तासांचं आहे की दुपारी बाराचं. तुमची गाडी सकाळी येते, दुपारी बाराचं चेक-इन असेल तर सकाळी सकाळी सामान घेऊन कुठे बसणार. तुमच्याकडे कन्फर्म तिकीट असेल तर रेल्वेच्या रिटायरिंग रूमचंही बघा, सीएसएमटीलाच आहेत, ऑनलाईन पीएनआर टाकून बुक होतात, फक्त सुट्टीत लवकर भरतात.

आता दुसरा मुद्दा. तुमची यादी वाचली. गेटवे, एलिफंटा, म्युझियम, राणीची बाग, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजीअली, जुहू, बँड्रा सीलिंक, फिल्मसिटी, कान्हेरी, पॅगोडा, मन्नत आणि एस्सेलवर्ल्ड. एस्सेलवर्ल्ड तर २०२२ सालीच बंद झालं, ते काढून टाका. बाकीचं सगळं तीन दिवसात "होतं", मुंबई दर्शनच्या बसेस एका दिवसात करून दाखवतात, पण त्यात होतं काय, की बस थांबते, वीस मिनिटं देतात, फोटो काढून परत बस, आणि निम्मं शहर खिडकीतून. मी गिरगावात राहतो, गावाकडची माणसं आमच्याकडे येतच असतात, आणि दोन्ही तऱ्हेने फिरलेली माणसं मी बघितलीयत. चार ठिकाणं नीट बघून गेलेली माणसं वर्षानुवर्षं त्याबद्दल बोलतात. म्हणून माझं स्पष्ट मत असं की जुहू, फिल्मसिटी, कान्हेरी, पॅगोडा, मन्नत हे सगळं उत्तरेचं ह्या वेळी सोडून द्या. कान्हेरी खरंच सुंदर आहे, सोडताना वाईट वाटतं, पण ते बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, तिथे अर्धा दिवस जातोच, आणि नॅशनल पार्क सोमवारी बंद असतो.

वारांचं गणित मुंबईत आधी करावं लागतं. एलिफंटाच्या लेण्या सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी जाऊ नये, गर्दी नको असेल तर. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या), पण त्याच रविवारी फोर्टमधली ऑफिसं बंद असल्यामुळे तिकडचे रस्ते मोकळे असतात आणि चालायला जी मजा येते ती इतर दिवशी नाही. तुमचे शनि-रवि-सोम आहेत, त्यामुळे एलिफंटा शनिवारी किंवा रविवारीच. रात्रभर गाडीत बसून आल्यावर लगेच बोटीत बसवू नका, म्हणून रविवार.

शनिवारचा दिवस सीएसएमटीवर उतरल्या उतरल्याच सुरू होतो, पण तेव्हा सगळे दमलेले असतात, आधी रूमवर जा, अंघोळ, नाश्ता, झोप. अकराच्या सुमारास म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुने लोक प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात. १९०५ मध्ये पायाभरणी झाली, पहिल्या महायुद्धात तिथे मिलिटरी हॉस्पिटल चालायचं, आणि लोकांसाठी उघडलं १९२२ ला. वरचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलाय. मुलाला आधी प्राण्यापक्ष्यांच्या दालनात न्या, तो खुश झाला की पुढचं सगळं सोपं जातं. मग शिल्पं बघा, मीरपूरखासच्या स्तूपातल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती बघा, आणि एक गोष्ट शोधून बघा, इराकमधल्या प्राचीन असीरियन राजवाड्यातले कोरीव दगड तिथे आहेत, खरे, नक्कल नाही. लोक समोरून निघून जातात. सगळं म्युझियम बघायचा हट्ट धरू नका, दोन-अडीच तास पुरे, आईंना मधे मधे बाकावर बसू द्या.

जेवून दुपारी परत रूमवर. चार-साडेचारला गेटवे. ह्या गेटवेचा आणि म्युझियमचा आर्किटेक्ट एकच, जॉर्ज विटेट. राजा पंचम जॉर्ज १९११ ला आला त्याची आठवण म्हणून हे बांधलं, पण तो आला तेव्हा कमान बांधलेलीच नव्हती, खरं बांधकाम पूर्ण झालं १९२४ ला. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी ह्याच कमानीखालून निघून गेली. हे मुलाला तिथे उभं करून सांगा, पुस्तकातल्यापेक्षा लक्षात राहील. समोरच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, मागे ताज हॉटेल, १९०३ चं, म्हणजे गेटवेच्या आधीचं. फोटोवाले मागे लागतील, नको असेल तर एकदाच ठाम नाही म्हणायचं आणि चालायला लागायचं.

तिथून टॅक्सीने मरीन ड्राईव्ह. दिवाळीच्या दिवसात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याच्या अर्धा तास आधी पोचा आणि नरिमन पॉईंटच्या टोकाकडे जागा धरा, कारण तिकडून समोर मलबार हिलपर्यंतचा अख्खा वळसा दिसतो, चौपाटीकडच्या टोकाला बसलं तर तसा दिसत नाही. कट्ट्यावर बसा, नुसतं बसा. अंधार पडत जातो तसे त्या वळणावरचे दिवे लागतात आणि उजवीकडे ओळीने त्या गोल गोल गच्च्यांच्या बिल्डिंगी उजळतात. भेळवाला, चहावाला येतो. मामेभावाला इथेच बोलवा. फक्त मुलाला कट्ट्यापलीकडच्या त्या सिमेंटच्या तिकोनी दगडांवर उतरू देऊ नका, खाली शेवाळ असतं आणि पाय अडकतो.

रविवारी लवकर उठा. गेटवेहून एलिफंटाच्या बोटी सकाळी नऊच्या आसपास सुरू होतात, पहिल्या एक-दोन बोटीत बसलात तर वर लेण्यात गर्दीच्या आधी पोचाल, आणि रविवारी हा फरक फार मोठा असतो. तासाभराचा प्रवास आहे. लाईफ जॅकेट देतात ते सगळ्यांनी घाला, गरम होतं म्हणून काढू नका. आईंना बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावर मधोमध बसवा आणि निघायच्या आधी तेलकट काही खाऊ घालू नका.

बेटाचं आपलं नाव घारापुरी. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी ट्रेन आहे, मुलासाठी तीच अर्धी सहल. मग साधारण सव्वाशे पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्री. तुमच्या आईंसाठी इथे डोलीची सोय आहे, खुर्चीला दांडे लावून चार माणसं वर नेतात, भाव आधी ठरवून घ्या, वर जायचा आणि खाली यायचा एकत्रच. आईंना संकोच वाटेल, बऱ्याच बायकांना वाटतो, पण समजावा, कारण खालून परत गेल्या तर बेटावर आल्याचा काही अर्थच राहत नाही. लेण्यांचं तिकीट आपल्याला ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. खाण्याची पिशवी हातात उघडी ठेवू नका, माकडं थेट ओढून नेतात.

आता लेण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण लोक आत जातात, "हीच ती त्रिमूर्ती" म्हणून फोटो काढतात आणि पाच मिनिटात बाहेर. साधारण सहाव्या शतकातलं हे काम आहे, अख्ख्या डोंगरातून कोरून काढलेलं. बाहेरच्या उन्हातून आत गेलात की आधी काहीच दिसत नाही, दोन मिनिटं खांबाजवळ थांबा, डोळे सरावू द्या. मग समोरच्या भिंतीत हळूहळू तो चेहरा वर यायला लागतो, जवळजवळ १८ फूट उंच. बरेच जण ह्याला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणतात, पण हे सगळं शिवाचंच रूप आहे, सदाशिव. मधला चेहरा शांत, डोळे मिटलेले, खालचा ओठ जाड. तुमच्या डाव्या हाताचा चेहरा उग्र, त्याला मिशी आहे, कपाळाला आठी, हातात नाग. आणि उजव्या हाताचा एकदम कोवळा, बाईसारखा, केसात मोत्यांच्या माळा, हातात कमळ. आईंना म्हणा डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवा. एकाच दगडात राग, शांती आणि माया, आणि हे कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मला दर वेळी तिथे अंगावर काटा येतो. मग बाजूचे पट बघा, अर्धनारीश्वर, गंगा डोक्यावर घेतलेला शंकर, शिवपार्वतीचं लग्न (ह्यात पार्वतीची लाजून झुकलेली मान बघा), रावण कैलास हलवतोय तो. बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेत, पोर्तुगीजांच्या काळात नासधूस झाली असं सांगतात. युनेस्कोच्या यादीत हे १९८७ पासून आहे, पण बेटावरच्या गावात कायमची वीज आली ती २०१८ ला, समुद्राखालून केबल टाकून. खाली येताना तिथल्या बायकांकडून काकडी, बोरं, कैरी जे असेल ते घ्या, त्यांचं घर ह्यावरच चालतं.

दुपारी दोनपर्यंत परत, जेवण, झोप. मग पाचला ओव्हल मैदान. हे कुठल्याच टूरवाल्यांच्या यादीत नसतं आणि माझ्या मते दक्षिण मुंबईतली ही सगळ्यात भारी जागा आहे. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, टोकदार कमानींचं एकोणिसाव्या शतकातलं दगडी काम. तोंड फिरवलं की दुसऱ्या बाजूला १९३०-४० च्या आर्ट डेको बिल्डिंगी, गोल बाल्कन्या, फिकट रंग, जहाजासारखे कठडे. दोन शतकं समोरासमोर आणि मधे रविवारची पोरं एकमेकांच्या पिचवर क्रिकेट खेळतायत, कुठला बॉल कुठल्या मॅचचा कळत नाही. ह्या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ साली युनेस्कोचा दर्जा मिळाला. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद नावाच्या व्यापाऱ्याने पैसे देऊन बांधवला, आईचं नाव दिलं. तुमच्या आईंना हे नक्की सांगा.

तिथून हुतात्मा चौक चालत जवळ आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्या १०६ जणांचं स्मारक, शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. आपण मराठी माणसांनी मुंबईत येऊन तिथे पाच मिनिटं थांबलं नाही तर बरं वाटत नाही. मग बेस्टची एसी डबल डेकर मिळाली तर वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढच्या सीटवर मुलाला बसवा, सीएसएमटी ते नरिमन पॉईंटचं एनसीपीए नाट्यगृह अशी चालते, तिकीट बेस्टच्या इतर एसी बसइतकंच, त्या पैशात असा नजारा कुठे मिळत नाही.

आणि रात्री सीएसएमटी. उतरलात तेव्हा बघितलं नसणार, आता रस्ता ओलांडून महानगरपालिकेच्या बाजूला जा आणि तिथून बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलं, १८७८ ला सुरू झालं, दहा वर्षं लागली, आणि मजा म्हणजे मागची महापालिकेची इमारतही त्याचीच. मुलाला शोधायला लावा, फाटकाच्या दोन खांबांवर एक सिंह आणि एक वाघ आहे, सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. भिंतीवर मोर, माकडं, सरडे, पानंफुलं आहेत, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा त्या कोरीवकामात हात होता. घुमटाच्या टोकावर एक बाई हातात मशाल घेऊन उभी आहे. लोक ह्या स्टेशनातून रोज धावत जातात, मान वर करून बघायला पाहुणेच लागतात. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे ठाण्याला निघाली ती इथूनच जवळच्या बोरीबंदरहून, तेव्हा ही इमारत नव्हती.

सोमवारी सकाळी रूम सोडा, सामान सीएसएमटीच्या क्लोकरूमला टाका आणि मोकळ्या हाताने निघा. आधी सिद्धिविनायक. लोकलने जाऊ नका, मेट्रो तीनने जा, सीएसएमटीहून थेट सिद्धिविनायक स्टेशन आहे, जमिनीखालून, एसी, लिफ्ट, सरकते जिने, २०२५ च्या ऑक्टोबरपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालीय. आईंसाठी ह्याच्याइतकं सोयीचं मुंबईत दुसरं काही नाही. ज्येष्ठ नागरिकांची रांग वेगळी असते, विचारून घ्या. दर्शन झालं की टॅक्सीने शिवाजी पार्क, मैदान बघा, आणि तिथून चैत्यभूमी. बाबासाहेबांवर १९५६ साली जिथे अंत्यसंस्कार झाले ती जागा, समुद्राला लागून, आत शिरताना सांचीसारखं तोरण. सहा डिसेंबर सोडला तर शांत असते. जेवायला तिथेच जवळ प्रकाश किंवा आस्वाद, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, मिसळ, आणि पीयूष नक्की घ्या, अमरावतीकडे पीयूष सहसा मिळत नाही. साडी खरेदी मनात असेल तर दादरमधली बरीच दुकानं सोमवारी बंद असतात हे लक्षात ठेवा, ती खरेदी शनिवारी करायला हवी.

दुपारी राणीची बाग, भायखळ्याला. पेंग्विन एसीत आहेत त्यामुळे उन्हाचा प्रश्न नाही. आणि तिथे मुलाला एक दगडी हत्ती दाखवा. हा हत्ती मूळचा घारापुरीचा, ह्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, इंग्रजांनी तो हलवायचा प्रयत्न केला, तेव्हा तुटला, आणि मग जोडून इथे उभा केला. आदल्या दिवशी बेट बघून आलेलं पोर हत्ती बघून काय खुश होतं, हे तुम्हीच बघा.

महालक्ष्मी-हाजीअली ह्यात कुठे बसत नाही, आईंची फार इच्छा असेल तर राणीच्या बागेऐवजी ते करा, दोन्ही एकाच दिवशी नको. सीलिंक पाहिजेच म्हणत असाल तर शनिवारी रात्री मरीन ड्राईव्हहून कोस्टल रोडने टॅक्सी करून बांद्र्यापर्यंत जाऊन या, जाताना समुद्राजवळचा बोगदा पण लागतो.

किरकोळ गोष्टी. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही, वांद्रे-शीवच्या पुढेच, इकडे काळी-पिवळी टॅक्सी, कमीत कमी भाडं ३१ रुपये, मीटरनेच बसा, स्टेशनच्या दारातले "साहेब कुठे जायचं" म्हणणारे सोडून थोडं पुढे चालून रस्त्यावरची घ्या. लोकलचा अनुभव मुलाला द्यायचाच असेल तर रविवारी दुपारी चर्चगेटहून मरीन लाईन्स-चर्नी रोड असं दोन स्टेशनं जाऊन या, तेवढा बास. नोव्हेंबरात सुद्धा दुपारी घाम येतो, सुती कपडे, टोपी, पाण्याच्या बाटल्या.

शेवटचं, परतीची गाडी सीएसएमटीहूनच पकडा. दादरला थोडा वेळच थांबते, संध्याकाळच्या गर्दीत आई, मूल आणि बॅगा घेऊन चढणं जिवावर येतं, सीएसएमटीला गाडी आधी लागते, निवांत बसता येतं. राणीच्या बागेतून साडेचार-पाचला निघा. आणि घरून निघतानाच प्रत्येक बॅगेला कुलूप लावून आणा, कुलूप नसलेली बॅग क्लोकरूमवाले घेत नाहीत.